संगणकाचा कूलर

श्रोतेहो, कूलर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पंप आणि घरघरणारा पंखा उभा राहतो. आज ज्या कूलरविषयी बोलणार आहे तो संगणकाच्या पेटीत असतो. त्यात कोणी पाणी ओतीत नाही; पण मोठ्या कूलरच्या पोटात काम करते ते पाणीच. ते कसे, हे आज पाहू.

संगणकात आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्यातला सिलिकॉनचा तुकडा असतो अंगठ्याच्या नखाएवढा. त्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. १०० वॅटच्या जुन्या पेटत्या दिव्याला हात लागला तर चटका बसतो. काही मोठ्या प्रोसेसरांतून २०० वॅटच्या वर उष्णता निघते, आणि तीही एवढ्याशा जागेतून!

आता बघा, कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो. का? हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो म्हणून. कूलरचे सारे रहस्य यातच आहे: नखाएवढ्या जागेतली उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरायची.

ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीने २०१४ साली काढलेला 'एनएच-डी१५' हा कूलर उदाहरणासाठी घेऊ. उंची १६५ मिलिमीटर, पंख्यांसह वजन १ किलो ३२० ग्रॅम. तळाशी तांब्याचा ठोकळा, वर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे दोन मनोरे, आणि ठोकळ्यातून दोन्ही मनोऱ्यांत चढणाऱ्या सहा तांब्याच्या नळ्या.

या नळ्या पोकळ आणि दोन्ही टोकांना बंद असतात. आतली हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी, म्हणून पाण्याची वाफ १०० अंशांच्या पुष्कळ खालीच होते. वाफ होताना पाणी उष्णता शोषते. वर थंड पत्र्यांपाशी वाफ निवते, पुन्हा पाणी होते आणि ती उष्णता पत्र्यांना देते. नळीच्या आतल्या अंगाला सच्छिद्र तांब्याचा थर असतो. दिव्याची वात तेल ओढते तसा तो थर पाणी परत तळाशी ओढून आणतो. हे चक्र अखंड चालते. नुसत्या भरीव तांब्याच्या दांड्याला इतकी उष्णता इतक्या लवकर नेता येत नाही.

पत्रे अधिक दाट बसवले तर पृष्ठभाग वाढेल, हे खरे. पण दाट पेरलेल्या पिकात वारा खेळत नाही, तसे होईल. शिवाय पहिल्या मनोऱ्यातून जाताना वाऱ्याचा जोर ओसरतो, म्हणून दुसरा पंखा दोन मनोऱ्यांच्या मध्ये बसवतात. पंखे रुंद, १४० मिलिमीटरचे. रुंद पंखा सावकाश फिरूनही पुष्कळ हवा ढकलतो. म्हणून आवाज कमी.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवा. आपला वाळ्याचा कूलर खोलीची हवा थंड करतो. हा कूलर फक्त उष्णता हवेत सोडतो. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर तेच काम करताना ४२ अंशांच्या खोलीत तो ८७ च्या आसपास जाईल. साधारण १०० अंशांच्या जवळ गेला की पुष्कळसे प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात.

शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेतल्या संगणकाचा कूलर लहान असतो, पण नियम हाच. चैत्र-वैशाखात संगणक रेंगाळू लागला की तो बिघडला, असे ठरवून लगेच कोपऱ्यात ढकलू नका. पत्र्यांमध्ये धूळ बसली की वाऱ्याची वाट बंद होते. वीज बंद करा, वायर काढा, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडा. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि चालू संगणकावर कापडी खोळ घालू नका. एवढे केल्याने कदाचित तोच संगणक मुलांच्या आणखी काही वर्षे उपयोगी पडेल. आणि पेटी उघडाल तेव्हा मुलांना जवळ बोलवा. बाष्पीभवनाचा धडा पुस्तकात आहेच. पण पृष्ठभाग वाढवणे म्हणजे काय, ते त्या पत्र्यांत त्यांना डोळ्यांनी दिसेल.