सांगितलं तेवढंच धरा



आज बोलायचं आहे वकिलीच्या प्रवेश परीक्षेबद्दल. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? पण गटातल्या कुणाची मुलगी बारावीला असते, कुणाची सून पदवी घेऊन घरी असते. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्हींसाठी राज्याची सीईटी असते. ती मराठीतूनही देता येते. इंग्रजी विषयाचे प्रश्न तेवढे इंग्रजीत.

पेपरात १२० प्रश्न आणि वेळ दोन तास. त्यात तर्काचे प्रश्न पाच वर्षांच्या परीक्षेला ३२, तीन वर्षांच्या परीक्षेला २४. आकडे बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचायची.

नाशिक रोडला माझ्याकडे पळसे, शिंदे, सिन्नर भागातल्या मुली अभ्यासाला येतात. तर्कात त्या चुकतात त्या डोकं कमी म्हणून नाही. प्रश्नात जे लिहिलेलं नाही, ते मनानं धरतात म्हणून.

एक उदाहरण ऐका. ‘कर्ज घेतलेली प्रत्येक बाई गटाची सभासद आहे. सुनंदा सभासद आहे.’ मग सुनंदानं कर्ज घेतलंय का? झटकन ‘हो’ म्हणावंसं वाटतं. पण कर्ज न घेतलेल्या सभासदही असतातच की! म्हणजे ठामपणे काही सांगता येत नाही. वाक्य उलटं फिरवलं की ते खरंच राहील, असं नसतं. तसंच ‘काही’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे.

दुसरा प्रकार रांगेचा. रेशनच्या रांगेत चौघी आहेत. शोभा सर्वांत शेवटी. लता मंदाच्या लगेच पुढे. रुक्मिणी लताच्या पुढे. तोंडी करू नका, कागदावर चार घरं काढा. जे पक्कं आहे ते आधी लिहा: शोभा शेवटच्या घरात. मग जोडी धरा: लता, मंदा. राहिली रुक्मिणी, ती पहिली. झालं!

आता सरावाचं. रोज दहाच प्रश्न सोडवा, पण घड्याळ लावून. चुकलेला प्रश्न वहीत उतरवा आणि शेजारी कारण लिहा: घाईत वाचलं, मनाचं घातलं, की वाक्य उलटं केलं. पंधरा दिवसांनी वही पाहिली की आपली खोड आपल्यालाच दिसते. परीक्षेत एका प्रश्नावर अडून बसू नका, पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

आणि हा तर्क फक्त परीक्षेपुरता नाही. ‘सातबाऱ्यावर तुझं नाव नाही, म्हणजे जमिनीत तुझा वाटा नाही,’ असं किती जणींना ऐकवलं जातं! सातबारा ही महसुलाची नोंद आहे. नाव नाही एवढ्यावरून हक्क नाही असं ठरत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. ‘म्हणजे’ हा शब्द आला की थांबून विचारायचं: हे त्यातून खरंच निघतं का?

आपल्या नाशिकमध्येच १८६६ साली कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. तेव्हा तिथं बायकांना पदवी देत नसत. त्यांना ती १९२२ मध्ये मिळाली. तीस वर्षांनी! आपल्या मुलींसाठी तो दरवाजा आज उघडा आहे. त्यांना हवा आहे रोज एक तास. त्या तासात पाणी भर, गुरांना बघ, अशी हाक मारायची नाही.

पुढच्या बैठकीत सुनंदाचा प्रश्न सगळ्यांना घाला. बघा, कोण काय उत्तर देतं ते!