घोरणं, मास्क आणि दहा सेंटीमीटर पाणी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर हल्ली सगळेच बोलतात. मी घोरण्यावर बोलणार आहे, आणि त्यासाठी रात्री नाकाला लावायच्या यंत्रावर. हसा खुशाल. काल रात्री ज्या मुलांना मोठ्या हॉलमध्ये गाद्या मिळाल्या, त्यांना विषयाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मला स्लीप अॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकतो, वाट उघडते आणि आपण पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, की ती एक घटना धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा आकडा ३४ आला. म्हणजे दोन मिनिटंही सलग धड झोप नाही, आणि हे किती वर्षं चाललं होतं देव जाणे.

मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. बाईला हा आजार असेल असं पटकन कुणाच्या मनात येत नाही. आपण ‘मी घोरते’ असं सांगत नाही. ‘थकवा जात नाही, सकाळी डोकं दुखतं, रात्री सारखी जाग येते’ असं सांगतो. मग थायरॉइड तपासतात, हिमोग्लोबिन तपासतात, पाळी जायचं वय आलं म्हणतात. तेही तपासायलाच हवं. पण झोपेची तपासणी त्या यादीत अगदी शेवटी येते, किंवा येतच नाही.

माझे वडील एस.टी.त दांडा धरून उभ्याने झोपायचे. घरात तो कौतुकाचा विषय होता. रात्री त्यांचं घोरणं मध्येच थांबायचं आणि मोठ्या आचक्याने पुन्हा सुरू व्हायचं. आई म्हणायची, बाबा दमलेत. त्यांची तपासणी कधी झाली नाही, त्यामुळे त्यांना हेच होतं असं मी म्हणणार नाही. पण तो आचका आता मला माझ्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला.

यावरचं यंत्र म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. मुळात हा एक पंखा आहे. तो हवा दाबाने नाकात सोडतो आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. दाब मोजायचं एकक ऐकून सरांना आनंद होईल: सेंटीमीटर पाणी! प्रयोगशाळेतली ती यू-आकाराची काचेची नळी आठवते ना? तेच. ही यंत्रं साधारण ४ ते २० सेंटीमीटर दाब देतात. दहा सेंटीमीटर म्हणजे हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. ऐकायला काहीच नाही, पण पहिल्या रात्री धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटतं. अनेकांचं यंत्र पहिल्या महिन्यातच कपाटावर जातं ते यामुळे. आणि कपाटावरचं यंत्र कितीही भारी असलं तरी श्वास तुमचा थांबतोच.

म्हणून मी विकत घेण्याआधी तीन यंत्रं भाड्याने आणून प्रत्येक तीन आठवडे वापरलं. एक ठरावीक दाबाचं, एक स्वस्तातलं ऑटो, एक महागडं ऑटो. सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली: मास्क किती तास राहिला, गळती किती, तासाला घटना किती, आणि सकाळी कसं वाटलं याला दहापैकी गुण.

ठरावीक दाबाचं यंत्र रात्रभर एकच दाब देतं. उपचार म्हणून त्यात काही कमी नाही. दाब बरोबर ठरवलेला असेल तर पुष्कळांना तेच पुरतं. ऑटो यंत्र मात्र श्वास बघून दाब कमीजास्त करतं. मी उताणी झोपले की जास्त लागतो, कुशीवर कमी. मला ऑटो मानवलं. एकीला मात्र दाब बदलला की जाग येते, तिला ठरावीकच बरं वाटतं.

खरा फरक जाणवतो तो श्वास सोडताना. समोरून वारा येत असताना उच्छ्वास करायचा म्हणजे छातीला काम. म्हणून बहुतेक कंपन्या त्या वेळी दाब थोडा उतरवतात. रेसमेडमध्ये त्याला ईपीआर म्हणतात, फिलिप्समध्ये सी-फ्लेक्स, बीएमसीमध्ये रेस्लेक्स. नावं वेगळी आणि वागणंही वेगळं. ईपीआर एक, दोन किंवा तीन सेंटीमीटर उतरतं आणि उच्छ्वास संपेपर्यंत खाली राहतं. सी-फ्लेक्स सुरुवातीला उतरतं आणि शेवट यायच्या आत परत चढतं. कागदावर हे किरकोळ वाटेल, पण माझ्या शीटमधले सकाळचे गुण सगळ्यात जास्त इथेच हलले. रेसमेडच्या काही यंत्रांत स्त्रियांसाठी वेगळी पद्धतही आहे, त्यात दाब जास्त हळू वाढतो. दुकानात हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. आणि हा उतार किंवा दाब बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच, कारण उच्छ्वासाला दाब उतरला की काहींच्या घटना वाढतात.

दुसरी गोष्ट ओलावा. कोरडी हवा रात्रभर नाकात गेली की नाक चोंदतं, मग तोंड उघडतं, मग सगळंच फिसकटतं. म्हणून यंत्राला पाण्याची तापणारी टाकी असते. पण पुण्याच्या थंडीत ती ओलसर हवा नळीत गार होते आणि पहाटे नाकात थेंब पडतात. महागड्या यंत्राची नळीच तापते, त्यात हा त्रास नव्हता. स्वस्तातल्या यंत्रासाठी सासूबाईंनी जुन्या सुती साडीची नळीभर खोळ शिवून दिली आणि यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवलं. नव्वद टक्के काम भागलं! पाणी डिस्टिल्डच घाला; बोअरच्या पाण्याने गीझरसारखा थर बसतो. टाकी रोज रिकामी करून धुवायची.

आवाजाची भीती सगळ्यांना असते. चांगलं यंत्र कुजबुजीपेक्षाही हळू चालतं. फुसफुस ऐकू येते ती मास्कच्या गळतीची. आणि आरामाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त प्रश्न मास्कचाच आहे. तीन प्रकार: नाकपुड्यांत टेकणारा, नाकावर बसणारा, नाकतोंड दोन्ही झाकणारा. मला पहिला जमला, केस वेणीत बांधून. चमकी मात्र काढावी लागली, तिच्या बाजूने हवा सुटायची. मिशीवाल्यांनो, तुमचंही तेच होणार. तोंडाने श्वास घेणाऱ्यांना मोठा मास्क लागतो. मास्कला पुढे बारीक भोकं असतात, ती गळती नव्हे. आपण सोडलेली हवा तिथूनच बाहेर जाते. नवऱ्याच्या मानेवर वारा येतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावू नका. नवऱ्याला कूस बदलायला सांगा.

तर कोणतं घ्यायचं? किमतीत दुपटीहून जास्त फरक असतो आणि घटना मोजल्या तर तिन्ही यंत्रांवर माझा आकडा पाचच्या खालीच होता. महागड्याने मला जास्त बरं केलं नाही, जास्त तास झोपवलं: सरासरी साडेसहा तास, स्वस्तातल्यावर पाच. म्हणून मी पैसे घातले. तुम्हाला सूत मानवत असेल, खोळ शिवणारं कुणी असेल, तर नका घालू. फक्त दुकानदार घरी वापरून बघू देत नसेल तर तिथून उठा. मला एकाने दुकानात खुर्चीवर बसवून पाच मिनिटं मास्क लावला आणि ‘बसला की नाही छान’ म्हणाला. खुर्चीवर काय, सगळेच मास्क छान बसतात. उशीवर कुशीवर झोपून बघायचं असतं.

जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांसाठी एक. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातली लाखो यंत्रं परत मागवली; आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. तेव्हा मॉडेल आणि क्रमांक तपासल्याशिवाय कुणाचं जुनं यंत्र घरात आणू नका.

गावी राहणाऱ्यांचा प्रश्न विजेचा. टाकी तापवणं बंद केलं तर यंत्राला फार कमी वीज लागते, घरच्या इन्व्हर्टरवर रात्र निघू शकते. वेगळी बॅटरी घेणार असाल तर अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, काही यंत्रं १२ वर चालतात, काही २४ वर.

आणखी एक, खास संगणकवाल्यांसाठी. बऱ्याच यंत्रांत एसडी कार्ड असतं आणि ‘ऑस्कर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यावरचा रात्रभराचा आलेख दाखवतं. मी पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा पहाटे चारची गळती आणि माझा कूस बदलायचा वेळ तंतोतंत जुळत होता. उशी बदलली, आलेख सरळ झाला. ऑफिसमध्ये इतक्या लवकर एकही बग सापडलेला नाही.

मागच्या टेबलावर तीन मास्क धुऊन ठेवलेत, हात लावून बघा. शेजारी आठ प्रश्नांचा कागद आहे, एपवर्थ मापनाचा: वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी गाडीत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर कागद घडी करून खिशात ठेवा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. जोडीदार सोबत आला असेल तर ‘श्वास थांबतो का’ हे त्यालाच विचारा. बाई, तुमच्यासाठी मोठ्या अक्षरातली प्रत वेगळी काढली आहे.