उत्तर आधी, रीत मागून



संयोजकांनी बजावलं होतं, "तू काय काम करतेस ते आम्हाला कळेल असं सांग." प्रयत्न करते.

दोन जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली तर ती मिसळून एक होतील का, याचं गणित मांडणं हे माझं काम. दोन्हींवर धन विद्युतभार असतो, म्हणून ती एकमेकांना दूर ढकलतात. अगदी जवळ आली तरच अणुकेंद्रीय बल त्यांना ओढून घेतं. या ओढाताणीतून वाटेत एक घाट उभा राहतो. ऑक्सिजन-१६ आणि समेरियम यांच्यामधला घाट सुमारे ६० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच आहे. त्याहून कमी ऊर्जा असली, तरी पुंजभौतिकीच्या नियमाने एखादं केंद्रक बोगद्यातून गेल्यासारखं पलीकडे पोचतं.

१९७८ च्या सुमारास प्रयोगांत एक कोडं दिसलं. समेरियम-१४८ आणि समेरियम-१५४, दोघांतही ६२ प्रोटॉन. पण घाटमाथ्याखालच्या ऊर्जेला १५४ बरोबरचं संमीलन कितीतरी जास्त!

पीएच.डी.च्या सुरुवातीला हेच गणित मला सरावासाठी मिळालं. माझं उत्तर फारच कमी येत होतं. मग मी आकर्षणाची खोली वाढवली. घाट खाली आला, खालच्या ऊर्जेचे बिंदू रेषेवर बसले. वरच्या ऊर्जेचे मात्र बिघडले. ते मी आलेखात दाखवलेच नाहीत.

मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "खोली एवढीच का?" जुळते म्हणून, याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा मला आपला आठवीचा वर्ग आठवला. पुस्तकामागचं उत्तर पाहून मी मधल्या पायऱ्या रचल्या होत्या. गणिताच्या सरांनी शून्य दिलं आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, पण ते तुझं नाही."

गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं. चूक खोलीत नव्हतीच. मी समेरियमला गोल चेंडू धरलं होतं. १५४ हे जांभळासारखं लांबट आहे. ऑक्सिजन टोकाकडून आला तर घाट बुटका, पोटाकडून आला तर उंच. म्हणजे घाट एक नाही, अनेक. लांबटपणाचा आकडा वेगळ्याच प्रयोगांतून आधीच मोजलेला होता, तो तसाच घातला. खालचे आणि वरचे बिंदू एकाच रेषेवर आले. पुढे १९९१ मध्ये राउली, सॅचलर आणि स्टेल्सन यांनी मोजमापांतूनच या घाटांची वाटणी काढण्याची रीत सुचवली आणि कॅनबेरातल्या अचूक प्रयोगांत ती दिसलीही, हे मी नंतर वाचलं. मी खोली बदलत बसले असते, तर हा आकार मला कधीच दिसला नसता.

कोडी संपलेली नाहीत. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेने २००२ मध्ये निकेल आणि इट्रियमवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. घाटाच्या फारच खाली गेलं की संमीलन आमच्या गणितापेक्षा कमी होतं. कारणं एकाहून अधिक सुचवली गेली आहेत, एकमत नाही. मी सध्या तिथेच अडले आहे. माझ्या आलेखात रेषा आणि बिंदू यांच्यात फट दिसते. ती मी झाकत नाही.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. उत्तर अजूनही चुकतं. पण पायऱ्या आता माझ्या आहेत.