जुन्या लेथची पारख
(ग्रामीण कारागिरांसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेळगावहून चोर्ला घाटमार्गे पणजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खानापूर तालुक्यात, जांबोटी हे गाव आहे. हा मुलूख भातशेतीचा, जंगलाचा आणि मुसळधार पावसाचा. ऐन हंगामात भातगिरणीचा शाफ्ट झिजला किंवा पंपाचे बुश सैल झाले, तर शेतकऱ्याला तो भाग घेऊन बहुधा शहर गाठावे लागते. अशा गावी घरालगतच्या पडवीत एखादा लेथ असेल, तर कारागिराला रोजगार मिळतो आणि शेतकऱ्याचा दिवस वाचतो.

यंत्रकामाची परंपरा या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाली. पुढे लोखंडी नांगर तयार झाला आणि १९१० साली कारखाना आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूर परिसरात आज ओतकाम व यंत्रकाम करणारे असंख्य कारखाने आहेत. तेथे नवी संगणकनियंत्रित यंत्रे येतात, तेव्हा जुने लेथ विक्रीस निघतात. नवा लेथ घेण्याची ऐपत नसलेल्या कारागिराला ही संधी असते. मात्र पारख चुकली, तर घरची पुंजी यंत्रात अडकून पडते.

खरेदीपूर्वी कामाचा विचार करावा. कोणत्या व्यासाची व किती लांबीची वस्तू कातावयाची, आटे पाडावयाचे काय, हे ठरल्याशिवाय लेथचा आकार ठरत नाही. बाजारात लेथ शय्येच्या लांबीवरून, साडेचार फुटी, सहा फुटी, असा ओळखला जातो. परंतु शय्येवर किती व्यासाची वस्तू फिरू शकते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हरिहर येथे १९४१ साली स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ आजही या भागात दिसतात. तो कारखाना बंद पडला असल्याने सुटे भाग कोठे मिळतील, याची चौकशी आधी करावी. १९५३ साली बंगळुरास सुरू झालेल्या एच. एम. टी.चे, तसेच बटाला व राजकोट येथील लेथही आढळतात. नावापेक्षा समोरच्या यंत्राची स्थिती पाहावी. नव्या रंगाला भुलू नये. रंगाखाली वेल्डिंगने सांधलेली भेग दडलेली असू शकते. शय्येला किंवा हेडस्टॉकला तडा गेलेला लेथ स्वस्तातही घेऊ नये.

लेथचा प्राण त्याची शय्या होय. बहुतेक काम चकजवळ होत असल्याने शय्या तेथेच अधिक झिजते. कॅरेज चकजवळ आणून तिची ढिलाई पट्ट्या आवळून काढावी आणि मग ती टेलस्टॉककडे सरकवावी. ती वाटेत घट्ट होऊन अडली, तर चकजवळची झीज मोठी आहे असे समजावे.

त्यानंतर स्पिंडल तपासावे. चकमध्ये जाड सळई धरून ती वर उचलावी आणि डायल गेजने हालचाल मोजावी. स्पिंडलचा डगमगाट त्याच्या आतील निमुळत्या छिद्रात पाहावा, चकवर नव्हे. कारण चक झिजलेला असून स्पिंडल निर्दोष असू शकते. चक बदलता येतो, स्पिंडलची दुरुस्ती महाग पडते. यंत्र प्रत्येक वेगावर चालवून दात्यांचा आवाज ऐकावा. अर्धा तास वरच्या वेगावर चालल्यावर यंत्र बंद करून बेअरिंगच्या जागी हात ठेवावा. हात ठेववत नसेल, तर दोष आहे.

खरी परीक्षा प्रत्यक्ष कातकामाची. सुमारे २५ मिलिमीटर व्यासाची सळई चकबाहेर १०० मिलिमीटर ठेवून, टेलस्टॉकचा आधार न घेता, दोन्ही टोकांवर एकाच हलक्या कापाने कातावी व मायक्रोमीटरने मोजावी. व्यासांत शतांश मिलिमीटरच्या एकदोन घरांचा फरक पडला, तर गावातील दुरुस्तीकामास चालतो. फरक अधिक आल्यास लेथ लगेच नाकारू नये. आधी शय्या लेव्हलने तपासावी. शय्येला पीळ असला तरी हाच दोष दिसतो, आणि तो पाया नीट केल्याने जातो.

लीड स्क्रूही चकच्या बाजूलाच अधिक झिजतो. क्रॉस स्लाईडच्या हँडलची थोडी मोकळी फेरी क्षम्य आहे, कारण तेथील नट बदलता येतो. आटे पाडण्याचे गियर पूर्ण आहेत काय, हे मोजून घ्यावे. लीड स्क्रू इंची असेल, तर मेट्रिक आटे अचूक पाडण्यासाठी १२७ दात्यांचे गियर लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७, हे त्याचे कारण. चार जॉचा चक व स्टेडी सोबत मिळाल्यास मोठा खर्च वाचतो.

वीजपुरवठ्याचा प्रश्न शेवटी ठेवू नये. कारखान्यातील लेथला बहुधा थ्री फेज मोटार असते, घरी सिंगल फेज. लहान मोटार व्ही. एफ. डी. या उपकरणावर चालते. परंतु २३० व्होल्टवर चालविताना तिची जोडणी अनेकदा स्टारवरून डेल्टा करावी लागते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे.

शेकडो किलो वजनाच्या यंत्रासाठी काँक्रीटचा पाया हवा. वाहतूक, पाया व हत्यारे यांसाठी रक्कम राखून ठेवावी. सारी पुंजी यंत्रातच घालू नये. जांबोटीसारख्या पावसाळी भागात गंज हा मोठा शत्रू आहे. काम संपताच किस झाडून उघड्या पृष्ठभागांवर तेल लावावे. ओल धरणारे गोणपाट यंत्रावर टाकू नये.

घरातील यंत्राजवळ मुले येतात, हेही ध्यानात असावे. सैल बाही, पदर, हातमोजे यांसह लेथवर उभे राहू नये. चकची चावी चकमध्ये क्षणभरही विसरू नये.

एकट्याने निर्णय घेण्यापेक्षा अनुभवी टर्नरला सोबत न्यावे आणि यंत्र चालते पाहूनच व्यवहार करावा. विकणारा ते चालवून दाखविण्यास तयार नसेल, तर परत फिरावे. नीट पारखलेला जुना लेथ एका कुटुंबाला पुढील पिढीपर्यंत साथ देऊ शकतो.