गाडी वडिलांची, चाक मुलाच्या हाती



कामगार संघटनेच्या माणसाने मोटारीच्या विम्यावर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे युनियनची कचेरी, आणि लोक घेऊन येतात ते कागद हीच आमची पुस्तके. अलीकडे त्या कागदांत मोटारीच्या पॉलिसी येऊ लागल्या आहेत. कारखान्यातला माणूस निवृत्तीच्या पैशांतून लहानशी जुनी गाडी घेतो. गाडी त्याच्या नावावर राहते, चालवतो मुलगा.

अशाच एका घरातली आई आमच्याकडे आली. मुलगा बावीस वर्षांचा, परवाना पक्का, पॉलिसी चालू. पहाटेच्या पाळीला जाताना गाडी झाडावर आदळली आणि मुलगा गेला. "भाऊ, हप्ता तर भरला होता ना?" एवढेच ती विचारी. दावा मात्र परत आला होता. आम्ही पॉलिसी दोनदा वाचली. मालक-चालकाच्या अपघाती मृत्यूसाठी तीत १५ लाखांची सोय होती. पण मालक म्हणजे वडील. मुलाचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते.

हे असे का होते, ते समजून घेऊ. विमा ही आपल्या संपफंडासारखी वर्गणीच आहे. पण कोणाच्या संकटासाठी कोणती वर्गणी, हे आधी ठरलेले असते. मोटारीच्या विम्यात तीन कप्पे आहेत. पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीखाली जो सापडेल, त्याच्यासाठी. आपल्या देशात तो १९४६ पासून सक्तीचा आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही ती सक्ती कायम ठेवली. दुसरा कप्पा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, तो ऐच्छिक. तिसरा मालक-चालकाच्या अपघाताचा. त्याची रक्कम २०१८ साली १५ लाख झाली. त्याच्या अटी तीन: गाडी त्याच्या नावावर हवी, पॉलिसी त्याच्या नावावर हवी, आणि परवानाही त्याच्यापाशी हवा.

म्हणजे परवाना असलेल्या मुलाच्या हातून परक्याला इजा झाली, तर त्या परक्याची सोय पहिल्या कप्प्यात आहे. मुलगाच गेला, तर तिसरा कप्पा त्याच्यासाठी नाही.

विलायतेत कंपनी गाडी कोण चालवणार हे आधी विचारते. तरुण चालकाचा हप्ता तिथे भारी असतो. तो वाचावा म्हणून बापाने स्वतःला मुख्य चालक म्हणवून घेतले आणि गाडी रोज मुलगाच चालवत असला, तर ती फसवणूक ठरते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता ठरतो तो इंजिनाच्या आकारावर. मुलाचे वय कोणी विचारत नाही. न विचारल्यामुळे आपण समजतो की सगळे घर त्यात आले.

यावर उपाय महाग नाही. थोडा जादा हप्ता भरून मुलाचे नाव घालून अपघाताचे संरक्षण वाढवून घेता येते. ते जमत नसेल, तर बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. १८ ते ७० वर्षांच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, मग गाडी कोणाचीही असो.

आणि मुलगा अठराच्या आतला असेल, तर चाकाला हात लावू देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालक वा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते.

त्या माउलीला आम्ही पैसे मिळवून देऊ शकलो नाही. तिचा धाकटा मुलगा आता तीच गाडी दुरुस्त करून चालवतो. या खेपेस पॉलिसी घेताना ती स्वतः वडिलांबरोबर गेली आणि मुलाचे नाव लिहून झाल्यावरच उठली. आज घरी गेल्यावर आपणही कपाटातली पॉलिसी काढा, आणि रोज गाडी चालवणाऱ्याचे नाव तीत आहे की नाही, एवढे पाहा.