फुफ्फुसाची कैफियत

वसमतच्या बाजारात नवी हळद येऊ लागली, की शिजवून वाळविलेल्या हळकुंडांना झिलई देणारी पिंपे आपल्या हिंगोली जिल्ह्यात गरगर फिरू लागतात. त्यांतून उठणारी पिवळी धूळ राबणाऱ्याच्या भुवयांवर बसते ती आपल्याला दिसते, पण श्वासाबरोबर आत गेलेल्या धुळीने फुफ्फुसाच्या कारभारात कोठे बिघाड केला, हे डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरणांचे चित्र फुफ्फुसाची ठेवण दाखविते. त्याच्या कारभाराची कैफियत घ्यावयाची, तर आत जाऊन खबर आणणारा दूत हवा.

टेक्नेशियम-९९एम हा असा दूत आहे. त्याचे किरणोत्सर्जन दर सहा तासांनी निम्म्यावर येते. त्याने युक्त अशा द्रावाचे सूक्ष्म तुषार रोगी काही मिनिटे नळीतून ओढतो, आणि समोरचा गॅमा कॅमेरा हवा कोठवर पोहोचली याचा नकाशा काढतो. त्याच द्रव्याने अंकित केलेले प्रथिनांचे कण शिरेतून सोडले, म्हणजे रक्त कोठे पोहोचते तेही उमगते, आणि जेथे हवा आहे पण रक्त नाही, तेथे रक्ताची गाठ अडकल्याचा संशय बळावतो. टेक्नेशियमयुक्त डी.टी.पी.ए. या संयुगाचे तुषार निरोगी फुफ्फुसातून साधारण तासाभरात निम्मे रक्तात उतरतात. विडी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातून मात्र ते पुष्कळ लवकर निसटतात, कारण वायुकोशांचे नाजूक अस्तर धुराने सच्छिद्र झालेले असते.

पेशींचा चयापचय पाहावयाचा, तर फ्लोरीन-१८ जोडलेली साखर लागते. मुंबईत परळच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात, १९६३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत, २००२ साली देशातील पहिले पेट यंत्र सुरू झाले, ते याच कामासाठी. कर्करोगाची गाठ ही साखर अधाशासारखी ओढते; पण क्षयाची गाठही ओढते, म्हणून आपल्याकडे नुसत्या उजळ ठिपक्यावरून निकाल देता येत नाही, तुकडा काढून खातरजमा करावीच लागते.

या फ्लोरीनचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. मुंबईहून हिंगोलीस यावयास अकरा तास लागतात असे धरले, तर निघालेल्या मात्रेचा अवघा चौसष्टावा भाग येथे पोहोचेल. टेक्नेशियमची जननी असलेल्या मॉलिब्डेनम-९९चे अर्धायुष्य मात्र ६६ तासांचे. त्याची शिशाने मढविलेली नळी तेवढ्याच प्रवासात जेमतेम दशांश उणी होते, आणि मग तीतून मिठाचे पाणी सोडून रोज ताजे टेक्नेशियम काढता येते. प्रयोगशाळेतील मंडळी तिला 'गाय' म्हणतात आणि या कृतीला दूध काढणे. दूध नासते, गाय मात्र चालत दूरवर जाते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की प्रशिक्षित माणसे आणि कॅमेरा यांची दावण खेड्यापाड्यांच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधावी.

आणि डॉक्टरांनी ही तपासणी सुचविली, तर 'किरणोत्सारी' या शब्दाने बिचकू नका. मात्रा अल्प असते, आणि टेक्नेशियमची दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्साही उरत नाही. गर्भवतीने आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने मात्र आपली स्थिती आधी सांगावी. आणि पिंपाजवळ उभे राहताना, श्रोतेहो, नाकातोंडाला फडके बांधावयास विसरू नका.