फरशीच्या दरजा

(हीरक महोत्सवी मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवात हिऱ्यामाणकांविषयी बोलावे असा संकेत आहे. मी मात्र एका साध्या दगडाविषयी, त्यातही दोन दगडांमधल्या चिंचोळ्या जागेविषयी बोलणार आहे. गवंडी त्या जागेला ‘दरज’ म्हणतात. शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिवण, आणि कपडे शिवणारा तो दर्जी. आपण गुणवत्तेला ‘दर्जा’ म्हणतो, त्या शब्दाचे कूळ वेगळे. तरीही फरशीचा दर्जा तिच्या दरजांवर ठरतो, हे मी स्वतःच्या हाताने नुकसान करून शिकलो.

बेंगळुरूतील आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर शहाबादी फरशी आहे. शहाबाद हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या खोऱ्यात आहे. पंढरपुरी जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तीच ही भीमा. शहाबाद पूर्वी निजामाच्या राज्यात होते. 1956च्या राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी या फरशीने महाराष्ट्रातील माजघरे आणि कर्नाटकातील पडव्या सारख्याच गार ठेवल्या. आजोबांनी तीच फरशी निवडली, यात मला नवल वाटत नाही.

आई आजारी असताना फरशीच्या दरजा उकलू लागल्या. चुना भुगा होऊन निघे, मुंग्यांची रांग लागे, आणि रात्री उठलेल्या आईचा पाय एका हललेल्या फरशीला अडखळे. मी अभियंता, मला वाटले, यात काय कठीण? सिमेंट-वाळूचा कडक माल कालवून एका रविवारी सगळी खोली भरून टाकली. मार्च महिना होता. लवकर वाळावे म्हणून पंखाही लावला. आठवडाभरात मालाला केसाएवढ्या भेगा पडल्या. दोन पावसाळ्यांनंतर त्याहून वाईट दिसले: सिमेंट जागच्या जागी शाबूत होते आणि फरश्यांच्या कडा पापुद्र्यांनी सुटत होत्या.

तेव्हा कलबुर्गीकडचे एक वृद्ध गवंडी घरी आले. कन्नड, मराठी आणि दखनी यांची सरमिसळ करत ते बोलत. त्यांनी कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “साहेब, सांधा दगडापेक्षा मऊ पाहिजे. काही झिजायचेच असेल तर सांध्याने झिजावे. सांधा पुन्हा भरता येतो, दगड नाही येत.” कन्नडमध्ये ते ‘संदु’ म्हणाले. आपला ‘सांधा’ आणि त्यांचा ‘संदु’, दोन्ही एकाच ‘संधी’ची लेकरे.

त्यांच्या म्हणण्यामागचे शास्त्र सरळ आहे. जुन्या घरांच्या जोत्याला ओल अडवणारा थर नसे. जमिनीतली ओल वर येते आणि चुन्याच्या सच्छिद्र दरजेतून हवेत निघून जाते. सिमेंटच्या घट्ट दरजेने ती वाट बंद केली, की ओल दगडाच्या कडेतून वाट काढते. तिच्यासोबतचे क्षार तिथे स्फटिकरूप होतात आणि दगडाचे पापुद्रे उचलतात. माझ्या फरशीला झालेला रोग हाच होता, आणि तो मी दिला होता.

दुसऱ्या वेळी मी शिष्य म्हणून बसलो. पहिला धडा: सुरुवात कपाटाखालच्या कोपऱ्यातून करावी, नवख्याचा हात तिथे बिघडला तर कुणाला दिसत नाही. दुसरा: जुना माल अरुंद छिन्नीने, हलक्या हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत काढावा. यंत्राची चकती फिरवली की दगडाची कड गेलीच. तिसरा: धूळ ब्रशने झाडून दरज पाण्याने भिजवावी, मात्र पाणी साचू देऊ नये. कोरडा दगड मालातले पाणी शोषून घेतो आणि माल कच्चा राहतो.

मालासाठी त्यांनी एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग चाळलेली वाळू घेतली. सुरखी म्हणजे विटांची बारीक पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही आळतो. माल बेसनाच्या लाडवासारखा वळला पाहिजे आणि हात ओला होता कामा नये. सैल माल भरायला सोपा, पण तो आकसतो आणि दगडावर डागही पाडतो. दरजेहून अरुंद लोखंडी पट्टीने माल तळापासून दाबत, थराथराने भरायचा. अंगठ्याचे नख जेमतेम उमटेल इतका तो आळला, की वरचा जादा माल खरवडून दरज फरशीच्या पातळीला आणायची. पुसायला कोरडे गोणपाट. ओल्या फडक्याने चुन्याचे पांढरे पाणी सगळ्या दगडावर पसरते. पुढे आठवडाभर ओले गोणपाट अंथरायचे आणि पंखा बंद ठेवायचा. चुना कातडी जाळतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि डाग काढायला ॲसिड कदापि नको. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. ॲसिड डागाबरोबर दगडही खाते.

या चुनखडकाची एक गोष्ट मला फार आवडते. चुनखडक भट्टीत भाजला की त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवतात, वाळूत कालवतात, दरजेत भरतात. मग महिनोन् महिने तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत राहतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडक होतो. दोन दगडांमध्ये भरलेला मऊ लगदा त्यांच्याच जातीचा होऊन बसतो. घाई केली, वारा लावला, तर हे घडत नाही.

ती खोली पूर्ण व्हायला मला सात रविवार लागले. शेवटच्या रविवारी आई काठी टेकत दारापासून खिडकीपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, “आता पायाला काही लागत नाही.” त्यानंतर ती त्या खोलीत चार महिने वावरली. माझ्या सिमेंटने कडा उडालेल्या अकरा फरश्या मी बदललेल्या नाहीत. त्या मला रोज दिसाव्यात, अशीच माझी इच्छा आहे.

या शाळेत आम्ही घरची मराठी घेऊन आलो आणि मधल्या सुट्टीत मैदानावर कन्नड शिकलो. दोन्हींच्या मध्ये आमच्या शिक्षकांनी साठ वर्षे जे भरले, ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही. त्यांनी ते घाईने भरले नाही आणि आमच्या कडाही उडू दिल्या नाहीत. आज माझ्या पायाला काही लागत नाही, याचे श्रेय त्यांना आहे.

पालकांना एवढीच विनंती करतो: घरात दुरुस्तीचे काम निघाले की मुलांना एक कोपरा द्या, कपाटाखालचा का होईना. त्यांचा हात चुकू द्या आणि ते पुन्हा भरेपर्यंत थांबा.